तीन वर्षांचे रविवार

मी फ्रीलान्सर. माझा रविवार डेडलाइनच खाते. म्हणूनच फ्रँक कोल या अमेरिकन गणितज्ञाचा मला जाम हेवा वाटतो.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७! म्हणजे २चा ६७वा घात वजा १. मर्सेनने १६४४मध्ये हिला मूळसंख्या म्हटलं. १८७६मध्ये लुकासने ते खोटं ठरवलं, पण अवयव काही सापडेनात. १९०३मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कोलने फळ्यावर गुणाकार मांडला, म्हणे चकार शब्द न काढता: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. टाळ्याच टाळ्या! शोधायला किती वेळ लागला? म्हणे, 'तीन वर्षांचे रविवार.'

गुणाकार तपासायला काही मिनिटं, अवयव शोधायला वर्षं! याच अवघडपणावर आज ऑनलाइन व्यवहारांची बरीच कुलपं टिकून आहेत. कोलला हे कुठे ठाऊक होतं? त्याला फक्त उत्तर हवं होतं.

एडिटरसाहेब, पुढचा रविवार माझा!