पेटीचं झाकण आणि त्यावरचं कार्पेट

रामटेकला गडमंदिर बघून झालं की पाहुणे खिंडसीला जातात. सूर नदीवरचा हा तलाव आणि तिथलं बोटिंग आपल्याला नवं नाही. आज आपण बोलणार आहोत ते बोटीत बसल्यावर पायाखाली किंवा बाकाखाली असतं त्याबद्दल, म्हणजे सामानाच्या पेट्यांची लाकडी झाकणं आणि त्यांच्यावर चिकटवलेलं कार्पेट.

कार्पेट विटलं की ते बदलायचं, एवढंच काम वाटतं. पण कार्पेट बदलायची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा खालचं लाकूडही गेलेलं असतं. कार्पेट पाणी धरून ठेवतं. वरून ते उन्हात वाळतं, पण चिकटलेली बाजू ओलीच राहते. प्लायवूड कडेने पाणी पितं, फुगतं, आणि फुगलेलं झाकण अडकतं. बऱ्याच बोटींत याच पेटीत लाइफ जॅकेट ठेवलेली असतात. खरं तर जॅकेटची जागा अंगावर आहे, पेटीत नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हती. तरी जादा जॅकेट, दोर, फर्स्ट एड पेटीतच असणार, आणि ते झाकण ओढल्याबरोबर उघडलं पाहिजे.

तर आधी कार्पेट सोलून काढायचं. जुना गोंद पत्तीने खरवडायचा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात दाबून बघायचं, विशेषतः कडांना आणि बिजागरीच्या भोकांपाशी. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय, तिथे नवं कार्पेट लावण्यात अर्थ नाही. जुन्या झाकणाचा साचा धरून नवं कापून घ्यावं. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघायचा. ते मरीन प्लाय. त्याच्या जोडाची चाचणी ७२ तास उकळून घेतात. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणून आयएस ३०३ चा माल पुढे करतो. तो स्वयंपाकघराला ठीक आहे, बोटीला नाही.

लाकूड चांगलं असेल तर सावलीत उभं करून पूर्ण वाळू द्या. मग सगळ्या बाजूंना इपॉक्सीचे दोन-तीन हात. कडांना एक जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. बिजागरीची भोकंही इपॉक्सीने भरून पुन्हा पाडायची. हे कंटाळवाणं काम आहे, आणि लोक नेमकं हेच टाळतात.

कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं घ्यावं. त्याचा धागा पाणी पीत नाही. घरातलं उरलेलं, तागाच्या पाठीचं कार्पेट कुजतं. आता जाडीचा हिशोब. जुनं ४ मिलिमीटरचं होतं आणि नवं ६ चं आणलं, तर दोन्ही कडांना मिळून ४ मिलिमीटर फट कमी झाली. झाकण अडलंच समजा. म्हणून गोंद लावण्याआधी कडांना कार्पेटच्या पट्ट्या धरून झाकण पेटीत बसवून बघा. अडलं तर लाकूड रंध्याने कमी करा आणि त्या कडेला पुन्हा इपॉक्सी लावा.

झाकण कार्पेटवर पालथं ठेवून चारी बाजूंना तीन इंच जादा सोडून कापायचं. सगळ्या झाकणांवर लव एकाच दिशेला हवी, नाहीतर दोन झाकणं दोन रंगांची दिसतात.

साधा पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही, पाण्याने तो मऊ पडतो. सुतार ज्याला 'एसआर' म्हणतात तो रबरी गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मग जोडायचं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मधून कडांकडे दाबत जायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात हा गोंद बघता बघता वाळतो. सकाळीच काम उरकावं. जागा मोकळी हवी, आणि जवळपास बिडी-काडी अजिबात नको, त्याची वाफ पेट घेते.

कोपऱ्यांवरचं जादा कार्पेट त्रिकोणी कापून काढायचं, म्हणजे घडीचा फुगा राहत नाही. मागे वळवलेली कड स्टेनलेस स्टीलच्या पिनांनी ठोकायची. साध्या पिना गंजतात. प्लाय १२ मिलिमीटरचा असेल तर पिन ८ चीच घ्या, नाहीतर टोक वर येऊन कुणाच्या तरी पायात जाईल. झाकणाची खालची बाजू मात्र उघडीच ठेवायची. तिथे कार्पेट लावलं की पेटीतला दमटपणा त्यात मुरतो.

गोंद एक दिवस पक्का होऊ द्या. मग झाकण बसवून वर बादलीभर पाणी ओता, अर्धा तास थांबा, आणि ओल्या हाताने, एकाच हाताने उघडून बघा.