खुले यंत्र आणि खर्चाचा हिशोब : वर्ध्याचा धडा

संगणकाच्या धंद्यात ‘खुले हार्डवेअर’ हा शब्द आता वारंवार ऐकू येतो. यंत्राचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी सर्वांसाठी खुली ठेवायची. कोणीही ते बनवावे, सुधारावे, विकावे. पुष्कळांचा समज असा की नकाशा फुकट, म्हणजे माल स्वस्त. व्यापारात मुरलेल्या माणसाला हे पटणार नाही. नकाशा फुकट असला तरी पत्रा, तार, मजुरी आणि मरम्मत फुकट नसते. आम्हा कापडवाल्यांना हा हिशोब चरख्याने कधीच शिकवला आहे.

1929 साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे इनाम जाहीर केले. अटी अशा : यंत्र हलके असावे, झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, आठ तासांत 12 ते 20 नंबरचे 16,000 वार सूत निघावे, किंमत 150 रुपयांच्या आत असावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा खर्च दरसाल किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा. पेटंट घेतले तर इनामासाठी त्याचे हक्क संघाकडे द्यायचे. म्हणजे यंत्र एका मालकाच्या मुठीत राहायचे नव्हते.

आता हिशोब मांडा. 150 रुपयांचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. वीस वर्षांत दुरुस्तीचेच 150 रुपये होतात. म्हणजे खरी किंमत 300. गिऱ्हाईक दुकानात पहिला आकडा पाहतो, दुसरा त्याला घरी कळतो. अट लिहिणाऱ्यांनी दोन्ही आकडे आधीच मांडले होते, ही दाद देण्याची गोष्ट आहे.

पण अटी एकमेकींशी भांडत होत्या. वेग वाढवायचा तर चात्या वाढतात, दाते आणि रूळ येतात. मग वजन आणि किंमत चढते. हलके करावे तर टिकाऊपणा जातो. किर्लोस्करवाडीत तयार झालेले काळे यांचे यंत्र परीक्षेपर्यंत पोचले, तरी ते इनाम शेवटपर्यंत कोणालाच मिळाले नाही.

पुढचे कारागीर मग एकेक गुण निवडू लागले. येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आलेल्या पेटी चरख्याने वेगापेक्षा सुटसुटीतपणा निवडला. तो मिटवून बगलेत नेता येतो. पायाने चालणाऱ्या मगन चरख्याला दोन चात्या. दोन्ही हात मोकळे राहतात, पण जागा जास्त लागते. तमिळनाडूच्या एकंबरनाथांचा अंबर चरखा 1950 नंतरच्या दशकात पसरला. गिरणीसारखे रूळ लावल्याने सूत वाढले, पण पेळू तयार करायला बेलणी वेगळी लागली आणि बिघाड झाला तर जाणकार मिस्त्री हवा. गावच्या सुताराचे काम तेथे संपले.

हाच पेच संगणकातही आला. 2001 साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. परवाना घेऊन कोणीही तो बनवावा, असा नकाशा खुला ठेवला. किंमत साधारण 9,000 रुपये ठरवली. गरिबाला तीही जड, म्हणून एक यंत्र अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाचे कार्ड वेगळे असावे, अशी सोय केली. 2004 मध्ये तो बाजारात आला, तेव्हा साध्या पडद्याचा नमुना दहा हजारांच्या आसपास होता आणि रंगीत पडद्याचा सुमारे दुप्पट. तोवर मोबाईल स्वस्त होत चालला होता. सिम्प्युटरचा खप फारसा झालाच नाही.

वर्ध्यात मगनवाडीच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेने सौर चरख्यावर काम केले आहे. हाताचे कष्ट वाचतात हे खरे; मात्र मोटर, पट्टी आणि बॅटरी यांचा खर्च चरख्याच्या पाठीवर बसतो, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते.

कारागीर बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे. नवे यंत्र खुले असो वा पेटंटचे, घेण्याआधी किंवा बनवायला घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : या वाढीव सोयीचे पैसे गिऱ्हाईक देईल काय? सुटा भाग आपल्या तालुक्यात मिळेल काय? बिघडले तर आपला माणूस ते खोलू शकेल काय? खुल्या नकाशाचा खरा फायदा तिसऱ्या प्रश्नात आहे. तो फायदा गमावून नुसत्या सोयी वाढवल्या, तर नकाशा खुला राहतो आणि कारखाना मात्र बंद पडतो.