छप्पर उडते, पडत नाही

३ जून २०२० रोजी भर दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन थडकले, तेव्हापासून रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे ज्याच्या त्याच्या तोंडी ‘छप्पर उडालं’ असेच वाक्य होते, ‘पडलं’ असे नव्हते. आणि हे साधे क्रियापद पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे. पाख्यावरून वेगाने सरकणाऱ्या हवेचा दाब घटतो, आणि त्यातच एखादे दार निखळून वारा घरात शिरला म्हणजे आतला रेटा व बाहेरची ओढ एकवटून छपराला वर उचलू पाहतात. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भाराइतका भरतो, वेग दुप्पट होताच तो चौपट होतो, आणि वळचण, आढे व कोपरे येथे ओढ सर्वाधिक असते. उलट अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन तेवढ्याच जागेत जेमतेम ४ किलो. म्हणजे तो घरावर राहतो तो केवळ बोल्टांच्या भरवशावर. मंगळुरी कौल बरेच जड खरे, पण नुसते रिपेवर अडकवलेले. कडेचे एक उचलले गेले की मागची रांग उघडी पडते.

वादळानंतर मृग तोंडाशी आलेला, पंचनामा व नुकसानभरपाई यथावकाश होणारी. अशा वेळी दुरुस्ती होते ती गळती थांबविण्यापुरती, आणि ही घाई समजण्याजोगी आहे. पण पत्रा वाशाला कितीही घट्ट आवळला आणि वासा मात्र भिंतीवर दोन खिळ्यांनी टेकलेला राहिला, तर पुढच्या वादळात वाशासकट पत्रा जाईल. कारण जुन्या लाकडातून खिळा सरळ उपसून येतो. म्हणून वाशावरून वळवलेली लोखंडी पट्टी भिंतीत खोलवर पक्की केली पाहिजे.

कोकणातले चौपाखी घर येथे सरस ठरते, कारण वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत त्याला नसते आणि पाख्यांचा उतार ओढ कमी करतो. पूर्वजांना वायुगतिशास्त्र अवगत होते असा दावा मी करणार नाही. चारही भिंती पावसापासून राखणे, एवढाच त्यांचा हेतू असावा.

नवे पत्रे घेताना जाडीइतकीच चौकशी बोल्टांचीही करावी, आणि कडेच्या रांगांत ते मधल्यापेक्षा दाट बसवून घ्यावेत.