टाकी चाळीस गॅलनची, पाणी तीस गॅलनचे!

कापडाच्या धंद्यात मापाची काय किंमत आहे, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. थानामागे चार बोटे कापड जास्त गेले तर वर्षाअखेर वहीत खड्डा पडतो. परंतु पाण्याचे माप चुकले तर काय होते, हे मात्र आम्हांला आमच्या भाच्यामुळे कळले. त्याचे नुकसान झाले ते झाले. निदान इतरांचे होऊ नये म्हणून हा प्रपंच.

आमचा भाचा बारावीनंतर नोकरीची वाट पाहत न बसता माशांच्या टाक्यांच्या धंद्यात पडला. रविवारी कुर्ल्याच्या बाजारातून मासे आणायचे, भिवंडीतील दवाखाने, दुकाने व हॉटेले यांना टाकी बसवून द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी पाणी बदलून, काच पुसून महिन्याचे पैसे घ्यायचे, असे त्याचे काम. या धंद्याला भांडवल थोडे लागते, विश्वास मात्र फार लागतो. आम्हांलाही या गोष्टीची आवड आहे. उर्दू शाळेत असताना गुरुजींनी मुंबईला नेऊन तारापोरवाला मत्स्यालय दाखविले होते, तेव्हापासूनची ती आवड. आमच्या पेढीवरही एक टाकी आहे.

एका हॉटेलातील टाकीत माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले. या रोगावर तांब्याचे, म्हणजे मोरचुदाच्या जातीचे औषध चालते. भाच्याने परदेशी बाटली आणली, वरची सूचना वाचली आणि चाळीस गॅलनचे औषध मोजून टाकले. दोन दिवसांनी दोन बादल्या पाणी बदलले आणि पुन्हा चाळीस गॅलनचे औषध टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर तरंगत होते. मालकाने साडेतीन हजार रुपये कापून घेतले आणि काम दुसऱ्याला दिले. पोरगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामू, बाटलीवर लिहिले होते तेवढेच टाकले. माझी चूक काय?"

आम्ही त्याला म्हटले, "आधी टाकी मोजू, मग चूक शोधू." आमच्या पेढीवरची टाकी त्याच मापाची असल्याने तिच्यावरच हिशेब मांडला.

टाकी बाहेरून ३६ इंच लांब, १५ इंच रुंद व १८ इंच उंच. विकणाऱ्याने ती चाळीस गॅलनची म्हणून दिलेली. इंचाला २.५४ सेंटीमीटर धरून तिन्ही मापांचा गुणाकार केला व १,००० ने भागले, तर १५९ लिटर येतात. एक गॅलन म्हणजे किती, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि इंग्लंडचा ४.५४६ लिटरचा. नाव एक, माप दोन! वार आणि मीटर यांत जी गफलत आमच्या वडिलांच्या पिढीने सोसली, तीच ही. अमेरिकी गॅलनने ही टाकी ४२ गॅलनची भरते, म्हणजे विकणारा खोटे बोलला नाही. पण त्याने टाकीचे माप सांगितले, पाण्याचे नव्हे.

काच ८ मिलिमीटर जाडीची आहे. दोन्ही बाजूंची काच वजा केली तर आतली लांबी ८९.८ व रुंदी ३६.५ सेंटीमीटर राहते. तळाला ५ सेंटीमीटर रेती आहे आणि पाणी वरच्या कडेपासून ५ सेंटीमीटर खाली ठेवलेले असते. म्हणजे रेतीपासून पाण्याची उंची फक्त ३५ सेंटीमीटर. हा गुणाकार केला तर ११५ लिटर येतात. रेतीच्या फटीत काही पाणी असते हे खरे. पण दगड व शोभेच्या वस्तू जवळपास तेवढीच जागा खातात. पुढे टाकी रिकामी करून धुतली, तेव्हा मापाच्या बादलीने भरून पाहिली. ११६ लिटर पाणी मावले. हिशेब बरोबर होता.

आता भाच्याची चूक पाहा. ११५ लिटर म्हणजे जेमतेम ३० अमेरिकी गॅलन. त्याने औषध टाकले ४० गॅलनचे. पहिल्याच वेळी एक तृतीयांश जास्त झाले. तांब्याच्या औषधात गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. त्यानंतर पाणी बदलले ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी. पण औषध टाकले पुन्हा अख्ख्या टाकीचे. आधीचे तीन चतुर्थांशाहून अधिक औषध आतच होते, त्यावर हे नवे पडले. बेरीज केली तर योग्य मात्रेच्या सव्वादोन पटीहून जास्त भरते. बाटलीचा दोष नव्हता, पोराच्या नियतीतही खोट नव्हती. माप चुकले होते.

बादलीची गोष्टही अशीच आहे. बाजारात १५ लिटरची म्हणून मिळणारी बादली काठोकाठ भरून कोणी उचलत नाही. चार बोटे खालीच भरतो. शिवाय बादली खाली अरुंद, वर रुंद असते, म्हणून अर्ध्या उंचीपर्यंत भरलेली बादली अर्धी नसते, अर्ध्याहून कमी असते. यावर उपाय सोपा आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. रिकामी बादली काट्यावर ठेवावी आणि वजन १२ किलोने वाढेपर्यंत पाणी ओतावे. जेथे पाणी येईल तेथे पक्क्या रंगाची रेघ मारावी. ती बादली १२ लिटरची. काटा नसेल तर एक लिटरच्या सीलबंद पाण्याची बाटली बारा वेळा भरून ओतावी.

त्याहून सोपी युक्ती काचेवरच्या खुणेची. आमच्या टाकीत एक सेंटीमीटर उंचीचे पाणी म्हणजे सव्वातीन लिटरपेक्षा किंचित जास्त. चौथा हिस्सा म्हणजे सुमारे २९ लिटर बदलायचे असेल तर पाणी ९ सेंटीमीटर उतरवावे लागते. मागच्या काचेवर भरतीची एक आणि उतरतीची एक, अशा दोन रेघा मारल्या की रोज हिशेब करायला नको. नोकरसुद्धा चुकत नाही.

दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवाव्यात. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन उतरते. ते भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ एकटी जाते, मीठ, औषध व घाण आतच राहते. म्हणून मीठ किंवा औषध पुन्हा द्यायचे असेल तर जेवढे पाणी आपण स्वतः काढले, तेवढ्याच पाण्यापुरते द्यावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्याच्या औषधाचेही मोजमाप असेच. ब्लीचिंग करणाऱ्या आमच्या बंधूंना हायपो ठाऊकच आहे; कापडातला उरलेला क्लोरीन मारते तेच हे. बादलीतच औषध घालून पाणी तयार करीत असाल तर बादलीपुरते घाला. नळी थेट टाकीत सोडत असाल तर बाटलीवरची सूचना पाहा. पुष्कळ औषधांत तेव्हा अख्ख्या टाकीच्या पाण्याचे माप धरावयास सांगितलेले असते.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. दोनदा २५ टक्के पाणी बदलले म्हणजे निम्मे बदलले, असे पुष्कळांना वाटते. आपल्या धंद्यात २५ टक्के सूट देऊन उरलेल्या रकमेवर पुन्हा २५ टक्के सूट दिली तर गिऱ्हाइकाला ५० टक्के सूट मिळत नाही, पावणेचव्वेचाळीस टक्केच मिळते. पाण्याचेही तसेच, दुसऱ्या वेळी काढलेल्या पाण्यात थोडे नवे पाणीही निघून जाते. मग ज्या गिऱ्हाइकाकडून निम्म्या पाण्याचे पैसे घेतले, त्याला माप कमीच पडले. कापडाच्या मीटरवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, या बादलीवर तो मारायला कोणी येत नाही. म्हणून ती जबाबदारी आपलीच.

भाच्याने आता एक वही केली आहे. प्रत्येक टाकीचे एक पान. त्यावर आतली मापे, खरे पाणी किती लिटर, एक सेंटीमीटरला किती लिटर, आणि कोणत्या तारखेला किती काढले, किती औषध दिले. गिऱ्हाइकाला तो ती वही दाखवितो. त्या हॉटेलचे काम परत आले नाही. पण वही पाहून एका दवाखान्याने आपल्या दोन टाक्या त्याच्याकडे सोपविल्या. आम्ही त्याला आमच्या पेढीवरचा जुना काटा देऊन टाकला. साडेतीन हजार गेले, पण माप आले. धंद्यात हा सौदा तोट्याचा नाही.