सीटखालच्या कपलरमध्ये इंजिन ऑइल येतं कुठून?

लँड रोव्हरचं टीडी५ हे २.५ लिटरचं, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन १९९८ मध्ये डिस्कव्हरी-२ सोबत आलं आणि डिफेंडरमध्ये २००७ पर्यंत बसत राहिलं. इंजिन दणकट आहे, पण त्याची एक खोड मालकांना फार छळते. गाडी अचानक मिसिंग करू लागते, पिकअप जातो, आणि डिफेंडरच्या सीटखाली असलेल्या ईसीयूचं (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचं) लाल कपलर उपसलं की पिनांवर काळं ऑइल दिसतं.

पहिला तर्क बहुतेक जण हाच करतात की टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं आणि ऑइल वायरिंगवरून ओघळत खाली आलं. पण वायरिंगवर बाहेरून हात फिरवून बघा, ते बहुतेक वेळा कोरडं असतं. ऑइल वायरच्या आतून आलेलं असतं. टीडी५ मध्ये इंजेक्टरना वीज देणारा छोटा हार्नेस टॅपेट कव्हरच्या आतच, गरम ऑइलच्या फवाऱ्यात असतो. तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून, वरच्या आवरणाखालून, ऑइल समईच्या वातीसारखं पुढे सरकत जातं. सिलिंडर हेडवरच्या कपलरमधून ते मुख्य वायरिंगमध्ये शिरतं आणि तिथून थेट ईसीयूपर्यंत पोचतं. म्हणूनच बाहेरून टेप गुंडाळणं किंवा कपलरमध्ये सिलिकॉन भरणं व्यर्थ आहे. उलट पुढच्या वेळी ते कपलर उघडताना पिना तुटतात.

दुसरा समज असा की ऑइलमुळे शॉर्ट होतो आणि ईसीयू जळतो. चांगलं इंजिन ऑइल विजेचं वाहक नसतं. त्रास होतो तो पिनांच्या सांध्यात ऑइल आणि त्यातली काजळी शिरून जोड बिघडल्याने. इंजेक्टरला नेमक्या क्षणी मिळायचा विजेचा ठोका नीट पोचत नाही आणि सेन्सरचे बारीक व्होल्टेजचे संदेशही गडबडतात. स्कॅनरवर इंजेक्टरचा फॉल्ट दिसला की इंजेक्टर किंवा ईसीयूच बदलायला सांगणारे मेकॅनिक भेटतात. माझं ठाम म्हणणं आहे की एक रुपयाही खर्चण्याआधी लाल कपलर काढून बघा. मिसिंगची इतर कारणं असतात, पण हे तपासायला काहीच खर्च येत नाही.

कपलर पुसलं की काम झालं, असंही अनेकांना वाटतं. चार दिवस गाडी मस्त पळते आणि पुन्हा तेच, कारण उगम तसाच राहतो. टॅपेट कव्हर उघडून आतला हार्नेस बदलावाच लागतो (सुट्या भागाचा क्रमांक एएमआर ६१०३). इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. इंजेक्टरवरचे छोटे कपलर उष्णतेने ठिसूळ झालेले असतात, त्यांचं कुलूप दाबूनच सोडवा, वायर ओढू नका. नवा हार्नेस जुन्याच वाटेने न्या, म्हणजे रॉकरच्या हालचालीत तो सापडणार नाही. पॅकिंग कडक झालं असेल तर याच वेळी नवं घाला.

कपलर धुवायला गॅरेजमध्ये सर्रास पेट्रोल किंवा रॉकेल वापरतात. त्यात आगीचा धोका आहेच, शिवाय कपलरचे रबरी सील फुगतात. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा, मऊ ब्रश फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच बॅटरी जोडा. ईसीयूच्या बाजूच्या पिनाही पुसायच्या, नुसतं वायरिंगचं टोक नाही.

आणि नवा हार्नेस घातल्यावर महिन्याभराने लाल कपलरमध्ये परत थोडं ऑइल दिसलं, तर नवा माल खोटा निघाला असं लगेच समजू नका. मुख्य वायरिंगच्या तारांमध्ये आधीच भिनलेलं ऑइल बरेच महिने पाझरत राहतं. दर वेळी साफ करा आणि किती आलं ते बघा. कमी कमी होत गेलं तर सगळं ठीक आहे. तेवढंच येत राहिलं, तर हेडवरचं कपलर सोडवून नव्या हार्नेसच्या टोकाला ऑइल आहे का ते पाहा.