क्वासारच्या परिसरातील अतिदूर दीर्घिकांचा शोध

३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूची ताम्रसृती ०.१५८ आहे, हे मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये दाखविले. क्वासार आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. क्वासारच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असते. अशी कृष्णविवरे द्रव्य दाटलेल्या प्रदेशात वाढत असतील, तर त्यांच्याभोवती दीर्घिकांची गर्दी आढळली पाहिजे.

ही अपेक्षा तपासताना पहिला अडथळा क्वासारच्या तेजाचाच. म्हणून एखाद्या ताऱ्याच्या प्रतिमेवरून त्या तेजाचा आकार ठरवून ते वजा करतात. दुसरा प्रश्न अंतराचा. शेजारी दिसणारी दीर्घिका खरोखर शेजारीच असते असे नाही. ताम्रसृती ६.६ असेल, तर वाटेतील उदासीन हायड्रोजन सुमारे ९२४० अँगस्ट्रॉमहून कमी तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश गिळतो. अशी दीर्घिका दृश्य प्रकाशात लुप्त होते, अवरक्त प्रतिमेत मात्र उमटते. तथापि आपल्याच आकाशगंगेतील थंड, तांबडे तारेही असाच आभास निर्माण करतात. तेव्हा केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे; वर्णपट हवाच.

जेम्स वेब दुर्बिणीने हे साधले. जे०३०५–३१५० या क्वासारच्या परिसरात सुमारे ३० लक्ष प्रकाशवर्षे लांबीच्या तंतूत ओवलेल्या १० दीर्घिका २०२३ मध्ये जाहीर झाल्या. मात्र याआधी हबलच्या प्रतिमांत काही क्वासारभोवती गर्दी आढळली होती, काहींभोवती नव्हती. या विसंगतीचे एक कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, हबलच्या कॅमेऱ्याचे जेमतेम ३.४ कला रुंदीचे क्षेत्र हे असावे.