फोकस लावला, पण वायर कुठून ओढली?

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड, दिंडोरी, तासगावच्या द्राक्षबागांत रात्रपाळी सुरू होते. दिवसा वारं सुटलेलं असतं, ऊन लागतं. जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) द्रावण सावकाश वाळलं तर वेल ते जास्त शोषून घेते. म्हणून ब्लोअर जोडलेला मिनी ट्रॅक्टर दिवस मावळल्यावर बागेत शिरतो. कंपनीचे पुढचे दोन दिवे समोरचं दाखवतात, पण बाजूच्या ओळी आणि मागचे नोझल अंधारातच. मग तालुक्याच्या बाजारातून एलईडी फोकस येतात, बॅटरीच्या टोकांना दोन वायरी पिळल्या जातात आणि काम भागतं. दिवा लागतोच. खोट निघते ती वायरीत.

हिशेब सोपा आहे: वॅटला व्होल्टने भागा. 55 वॅटचा हॅलोजन 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरहून जास्त खेचतो. जोडी लावली की नऊच्या वर. 18 वॅटचा एलईडी दीड अँपिअरवर भागवतो. लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही बेताची, त्यामुळे हॅलोजनचा हट्ट आता सोडलेला बरा. (स्वस्तातल्या एलईडीच्या खोक्यावरचे वॅट मात्र मनावर घेऊ नका, मीटर लावला की खरं काय ते कळतं.)

वायर बारीक असेल तर व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरीपासून मागच्या मडगार्डपर्यंत चार मीटर धरले, तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नऊ अँपिअर गेले की पावणेदोन व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात, आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. दिवा पिवळा पडतो, मालक म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते. मुख्य वायर अडीच चौरस मिलिमीटरची, बहुतारी तांब्याची घ्यावी. दिव्यापाशी दीडची चालते.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती फ्यूजची. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा. डॅशबोर्डजवळ बसवला तर बॅटरी ते डॅशबोर्ड हा सगळा तुकडा उघडा राहतो, आणि वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलवटते ती नेमकी तिथेच. शॉर्ट झाला की बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, काही क्षणांत प्लास्टिक वितळतं, आणि डिझेलची नळी तिथून फार लांब नसते. अडीचच्या वायरीला आणि दोन-चार एलईडींना 15 अँपिअरचा निळा फ्यूज पुरे. तो उडाला तर कारण शोधायचं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून पुढे जाणाऱ्यांना हात जोडावेत.

रिलेबद्दल दोन मतं ऐकू येतात. 18 वॅटच्या दोन एलईडींना तो लागतोच असं नाही, चांगला स्विच तेवढं सहज पेलतो. चार दिवे किंवा हॅलोजन असतील तर मात्र लावा. रिलेच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: 30 ला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस, 87 वरून दिव्यांना, 86 ला स्विचमधून येणारा प्लस आणि 85 ला अर्थ. मोठा प्रवाह रिलेतून जातो, स्विचवर पाव अँपिअरसुद्धा येत नाही. स्विचचा प्लस किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरीवरून घ्या. नाहीतर 36 वॅटचे दोन फोकस विसरून रात्रभर पेटते राहिले, तर सकाळी सेल्फ फिरणार नाही.

अर्थ म्हणजे नुसता कुठलातरी बोल्ट नव्हे. जागेवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, थिंबल आवळा, वर ग्रीस लावा. द्राक्षबागेत हे दुप्पट खरं, कारण बोर्डो मिश्रणातलं मोरचूद उघड्या जोडाला महिन्याभरात हिरवं करून टाकतं. जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा क्रिंप करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा, जोडताना तो शेवटी. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी.

दिवा कुठे बसवायचा, हे बाग ठरवते. मांडवाखाली डोक्यावर फोकस लावला तर तो तारांत आणि पानांत अडकतो. शिवाय डोळ्यांजवळच्या दिव्याचा उजेड फवाऱ्याच्या धुक्यावरून उलटा येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. म्हणून तो खाली, मडगार्डच्या आतल्या कडेला, ट्रॅक्टरच्या रुंदीत मावेल असा. मागे पसरट उजेडाचा, नोझलकडे किंचित झुकवलेला. आयपी 67 लिहिलेला घेतलात तर धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतं, पण धुताना जोराचा झोत थेट त्यावर मारू नका.

मागच्या फोकसला स्वतंत्र स्विच आणि त्यावर छोटा लाल इंडिकेटर हवाच. बागेतून डांबरी रस्त्यावर चढताना तो बंद करा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या पांढऱ्या झोतात ना ट्रॅक्टरची रुंदी दिसते, ना ब्लोअरची टाकी.